पहिली तक्रार

बाबा चिडले की म्हणायचे, नडगी फोडीन.
तुझ्याबद्दल एवढंच ऐकून होते.
लहानपणी एकदा खाटेच्या खुरावर आपटलीस,
ब्रह्मांड आठवलं,
मग विसरलेच तुला.

आता पहाटे पाचला
पेठ नाक्यावरच्या खोलीत
फरशीला पाऊल टेकतं न टेकतं
तोच कळतं,
तू माझ्याआधी उठलीयेस.

भरतीची जाहिरात आली त्या रात्री
वहीत लिहिलं होतं : रोज सहा किलोमीटर.
काल शून्य, आज सहा.
गोल्फ क्लबवर पोरांची ही गर्दी,
म्हणून मखमलाबादकडचा सिमेंटचा रस्ता.
पायात निमाच्या मावसबहिणीचे बूट,
टाच एका अंगाने झिजलेली,
तिच्या चालीने, माझ्या नाही.
आठशे मीटर. घड्याळ. पुन्हा आठशे.
दहाव्या दिवशी तू कुरकुरलीस,
बाराव्या दिवशी ओरडलीस.
मी दात आवळले, रस्ता तोच ठेवला.

निमाने पाकीट पुढे केलं,
एक घे, पाय आहे की नाही तेही कळणार नाही.

तेही कळणार नाही.
या वाक्याचीच भीती वाटली मला.

सिव्हिलमधल्या तडवी मॅडमनी
अंगठा आतल्या कडेवरून सावकाश खाली नेला,
पिठात खडा चाचपावा तसा.
बोटाएवढ्या जागी टोचतं की वीतभर?
वीतभर.
झोपेत ठणकतं?
नाही.
मग बरंय. पण एकाच जागी टोचायला लागलं
तर पळत नको, रिक्षाने ये. फोटो काढू.
आणि म्हणाल्या, हाड म्हणजे दगड नाही गं,
ते रोज झिजतं, रोज भरतं.
तू झिजवलंस भराभर,
भरायला रात्रही पुरती दिली नाहीस.
पोलीस व्हायचंय ना?
मग हिची तक्रार आधी लिहून घे.
गोळीने फिर्यादीचं तोंड बांधता येतं,
गुन्हा तिथेच राहतो.

घरी येऊन वहीचं पान उलटलं.
फिर्यादी : उजवी नडगी, वय एकवीस.
घटनास्थळ : सिमेंट.
जप्त मुद्देमाल : बूट, एक जोड.
आरोपी :
इथे पेन बराच वेळ थांबलं,
मग माझंच नाव लिहिलं, आडनावासकट.

दोन आठवडे पळायचं नाही.
पेखळे काकूंच्या फ्रीजमध्ये
कोथिंबिरीच्या जुडीशेजारी माझी बाटली गोठते.
टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं, जास्त नाही.
जिन्याच्या पायरीवर टाचा उचलायच्या,
उचलताना हळू, उतरवताना त्याहून हळू.
भिंतीला पाठ लावून चवडे वर, चवडे खाली,
काकू विचारतात, कुणाची वाट बघतेस गं?
पोळ्या झाल्या की लाटणं माझं,
पोटरीवरून फिरवते, हाडाला लावत नाही.
धापेची सवय मोडू नये
म्हणून काकांची सायकल, चेन दोनदा पडते.
आणि तरीही रोज सकाळी
मैदानावरून शिट्टी ऐकू येते
तेव्हा रडू येतं. हे कुठल्या रकान्यात लिहू?

आईचा फोन जानोरीच्या बागेतून.
खरड छाटणी चाललीये, हाताला फोड आलेत.
द्राक्ष उतरलं की वेल बोडकी करतात,
तिला कुणी म्हणत नाही, बसून खाते.
पुढच्या साली दिसायचा तो घड
ती याच उन्हात
डोळ्याच्या आत बांधत असते.
आईला नडगीचं सगळं सांगितलं.
ऐकून घेतलं तिने.
म्हणाली, काडी पिकू दे मग.

आज पाटाकडेची मातीची वाट.
नवे बूट, उधारीचे, पण माझ्या मापाचे.
एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं.
निमा केव्हाच वळणापार गेली.
माझं मिनिट संपलं तेव्हा
पायांना अजून हवं होतं,
तू काहीच म्हणाली नव्हतीस.

तरी थांबले.